कांद्यासारखा दिसतो, पण कांदा नव्हे!

मृगाच्या सरी पडून आठ-पंधरा दिवस झाले की औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट या जुन्या भागातल्या गच्च्यांवर एक बदल दिसू लागतो. उन्हाळाभर कोरडी, रिकामी वाटणारी कुंडी अचानक हिरवा कोंब दाखवते. कुणाकडे सुदर्शनाची रुंद पाने बाहेर पडतात, तर कुणाच्या जाळीवर कळलावी चढायला लागते. याच दिवसांत म्हैसमाळला रविवारची सहल होते. परतताना एखाद्या पिशवीत मातीसकट उपटलेले दोन-चार कंद असतात. 'रानकांदा आहे, फूल छान येते' असे म्हणत ती पिशवी घरी येते आणि बऱ्याचदा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, कांद्या-बटाट्याच्या टोपलीशेजारीच विसावते.

फुलांचे हे देशी कंद घरी लावण्याची आवड फार चांगली आहे. आपल्या हवेला आणि आपल्या पाणीटंचाईला त्यांच्याइतकी सोसणारी फुलझाडे कमीच. मात्र यातले काही कंद हृदयाची गती बिघडवणारे आहेत, तर काही शरीरातल्या पेशींचे विभाजन थांबवणारे. म्हणून कुंडी भरण्याआधी त्यांची नीट ओळख करून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

खरा कांदा कोणता?

कांदा, लसूण आणि त्यांची भावंडे वनस्पतिशास्त्रात 'ॲलियम' या एकाच प्रजातीगटात मोडतात. जगभर या गटाच्या शेकडो जाती आहेत. उत्तर अमेरिकेत रानातले देशी कांदे केवळ फुलांसाठी बागेत लावण्याची मोठी हौस आहे. आपल्याकडे हिमालयातही रानटी ॲलियम आढळतात आणि त्यांपैकी काहींची वाळवलेली पाने-फुले तिथे फोडणीसाठी वापरतात. आपल्या दख्खनच्या पठारावर मात्र ज्याला आपण 'रानकांदा' म्हणतो, तो या घराण्यातला नाही. तो कांद्यासारखा दिसतो, त्याला पापुद्रे असतात, पण नाते दूरचे आहे.

हा फरक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे वास. कांदा कापला किंवा पान चुरगळले की पेशी फुटतात. एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली गंधकयुक्त द्रव्ये आणि ॲलिनेज नावाचे विकर एकत्र येतात, आणि क्षणात तो ओळखीचा उग्र वास तयार होतो. डोळ्यांत पाणी आणणारा वायू त्याच साखळीत पुढे तयार होतो. तो बनवणारे वेगळे विकर जपानी शास्त्रज्ञांनी 2002 साली शोधून काढले. ही सगळी व्यवस्था ॲलियमची खासियत आहे. रानकांदा, सुदर्शन, दीपकाडी यांच्यात ती नाही.

म्हणून नियम असा : कांद्याचा वास नाही, तर तो कांदा नाही आणि तो तोंडात घालायचा नाही. अमेरिकेतही रानकांदे गोळा करणाऱ्यांना हेच शिकवतात, कारण तिथे 'डेथ कॅमास' नावाचा जीवघेणा कंद रानकांद्यासारखाच दिसतो. त्याला फक्त वास नसतो. पण या नियमाचा उलटा अर्थ काढू नये. आधी कांदा चिरलेल्या हाताने कुठलाही कंद हाताळला तरी कांद्याचाच वास येणार. वास आला म्हणजे कंद खाण्याजोगा आहे, असे समजू नये.

रानकांदा : हृदयावर चालणारा कंद

आपल्या माळरानावरचा रानकांदा म्हणजे ड्रिमिया इंडिका. संस्कृतात याला वनपलांडू म्हणतात, काही ठिकाणी कोलकांदा. याची गंमत अशी की फूल आधी येते आणि पाने नंतर. भर उन्हाळ्यात, सगळे वाळून गेलेले असताना जमिनीतून एक उघडा दांडा वर येतो आणि त्यावर फिकट तपकिरी-पांढरी, घंटेसारखी झुकलेली फुले लागतात. एकेक फूल काही तासांचेच. पाऊस सुरू झाला की पाने येतात.

या कंदात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड गटातली द्रव्ये आहेत. हृदयविकारात दिले जाणारे डिजॉक्सिन हे औषध ज्या पद्धतीने काम करते, त्याच पद्धतीने ही द्रव्ये काम करतात. हृदयाच्या स्नायूपेशींच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. ती तो पंप अडवतात. योग्य मात्रेत हृदयाचे आकुंचन जोरदार होते. मात्रा थोडी जास्त झाली की नाडी मंदावते, ठोके अनियमित होतात आणि ते थांबूही शकतात. भूमध्य समुद्राकाठचा याचा भाऊबंद ग्रीक काळापासून औषधात होता. त्याचीच लाल जात पुढे उंदीर मारण्यासाठी वापरली गेली, कारण उंदराला उलटी करता येत नाही. माणसाला उलटी होते, आणि अनेकदा तीच पहिली खूण असते.

आपल्याकडे रानकांद्याचा एक घरगुती वापर अजून चालतो. पायाच्या तळव्याला कुरूप झाले की रानकांदा भाजून त्यावर बांधायचा. या कंदात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते त्वचेत टोचतात, आग होते, पुरळ उठते, त्वचा सोलवटते. निरोगी माणसाची ती आग दोन दिवसांत विसरली जाईल. पण मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर आग कळतच नाही. फोड येतो, त्याची जखम होते, जखमेत जंतुसंसर्ग होतो. मधुमेहींच्या पायाच्या जखमा सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात रोजच्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींची सुरुवात अशाच किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीने झालेली असते. मधुमेह असलेल्याने कुरुपावर रानकांदा, बिब्बा, ब्लेड यांपैकी काहीही वापरू नये. पाय डॉक्टरांना दाखवावा.

सुदर्शन आणि नागदवणा

आपल्या अंगणातले सर्वांत परिचित कंदफूल म्हणजे क्रायनम. याच्या वेगवेगळ्या जातींना लोक सुदर्शन, नागदवणा, गडंबीकंद अशी नावे देतात, आणि गावागणिक ही नावे एकमेकांत मिसळतात. लांब रुंद पाने, मधोमध जाड दांडा आणि टोकाला सुवासिक पांढऱ्या फुलांचा झुबका. काही जातींच्या पाकळ्यांवर गुलाबी पट्टा असतो. संध्याकाळी सुगंध वाढतो, कारण ही फुले रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी असतात. याचे बी मांसल असते आणि माती-पाण्याशिवाय नुसते खिडकीत ठेवले तरी कोंब काढते. लहान मुलांना दाखवण्यासारखा हा प्रयोग आहे. फक्त बी तोंडात जाऊ देऊ नये आणि हाताळल्यावर हात धुवायला लावावेत.

क्रायनमच्या कंदात लायकोरिन नावाचे अल्कलॉइड असते. खाल्ल्यास मळमळ, सतत उलट्या, पोटात कळा आणि जुलाब होतात. परदेशी डॅफोडिलही याच कुळातला, आणि त्यातही हेच विष. डॅफोडिलचे कंद आणि कळ्या भाजी समजून खाल्ल्या जाऊ नयेत म्हणून 2015 साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने तिथल्या सुपरमार्केटना ही फुले भाजीपाल्यापासून दूर ठेवण्याची सूचना केली होती. मात्र याच कुळाने आपल्याला एक औषधही दिले आहे. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर आजारात दिले जाणारे गॅलॅन्टामिन मुळात याच कुळातल्या स्नोड्रॉप या कंदफुलाच्या अभ्यासातून पुढे आले. गोळीतली मात्रा मोजलेली असते, कंदातली नसते. औषध आणि विष यांत फरक पडतो तो इथे.

सुदर्शनाबद्दल दोन समजुती घट्ट आहेत. पहिली, कान दुखत असेल तर पान गरम करून रस कानात पिळायचा. कानदुखीचे कारण पडद्यामागचा संसर्ग असू शकते, पडद्याला छिद्र असू शकते. अशा कानात कुठलाही रस गेला तर संसर्ग आत ढकलला जातो. लहान मुलांच्या बाबतीत तर हे मुळीच करू नये. दुसरी समजूत, नागदवणा लावला की साप येत नाही. याला कोणताही आधार नाही. साप येतो उंदरांच्या मागे. उंदीर येतात उघड्या धान्यामुळे, कचऱ्यामुळे, विटा-लाकडांच्या ढिगाऱ्यामुळे. दारात नागदवणा असो वा नसो, सर्पदंश झाला तर उपाय एकच : चावलेला अवयव न हलवता तडक रुग्णालय. तिथे प्रतिविष मिळते.

कळलावी : सुंदर आणि सर्वांत घातक

गौरी-गणपतीच्या सुमारास फुलणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी पाकळ्या वर फेकणारी कळलावी म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बा. अग्निशिखा हे तिचे दुसरे नाव. राज्याच्या काही भागांत गौरीच्या पूजेत तिला मान आहे, आणि तमिळनाडूचे ते राज्यफूल आहे. पानाच्या टोकाची स्प्रिंगसारखी गुंडाळी करून ती आधार पकडते. फूल आधी हिरवे-पिवळे असते, मग केशरी, मग लाल होते. जमिनीखालचा कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृत नाव लांगली.

'कळलावी' या नावातच तिचा जुना वापर आहे : बाळंतपणाच्या कळा आणणारी. याच कारणाने गर्भपातासाठीही तिचा वापर झाला आहे, आणि त्यात बायकांचे जीव गेले आहेत. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. गाउट या सांधेदुखीत आम्ही हेच औषध अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच्या गोळीने देतो, आणि तेही मूत्रपिंडाची तपासणी पाहून. कोल्चिसिन पेशीच्या आतला सांगाडा बनू देत नाही, त्यामुळे पेशींचे विभाजन थांबते. ज्या पेशी सतत विभागतात त्यांना पहिला फटका बसतो : आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे.

विषबाधा फसवी असते. खाल्ल्यावर काही तास काहीच होत नाही. मग उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. घरच्यांना वाटते, शिळे खाल्ले असेल. पुढच्या काही दिवसांत रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंड आणि फुप्फुसे निकामी होऊ लागतात, पांढऱ्या पेशी घटतात. जो वाचतो त्याचे साधारण दोन आठवड्यांनी केस गळतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही. त्यामुळे पहिल्या काही तासांतच रुग्णालय गाठणे हाच बचाव. रताळे किंवा रानातला खाण्याचा कंद समजून कळलावी खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

ज्या घरात पाच-सहा वर्षांखालची मुले आहेत, स्मरणशक्ती कमी झालेले वृद्ध आहेत किंवा कुणी मनाने फार खचलेले आहे, त्या घरात कळलावी आणि रानकांदा लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फूल पाहायचे तर पावसाळ्यात डोंगरावर जावे.

मग लावायचे काय?

सुरुवात सुदर्शनाने करावी. तो सहज मिळतो, सोशीक आहे आणि कंद मोठा, खोलवर असल्याने मुलांच्या हाती लागत नाही. हौस वाढली की दीपकाडी आहे. पठारावरच्या गवतात उगवणारी ही नाजूक वनस्पती, उभ्या काडीवर हिरवट-पांढरी फुले लागणारी. पण तिचाही कंद खाण्याचा नाही.

आणि ज्यांना पूर्ण निर्धोक हौस हवी, त्यांनी घरातला कांदाच फुलवावा. शेतकरी ज्याला 'डेंगळे' म्हणून नावे ठेवतो, ते कांद्याचे फूल गच्चीवर विलक्षण देखणे दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घट्ट, निरोगी कांदा निम्मा मातीत पुरावा. कांदा दोन हंगामांत आयुष्य पुरे करतो. पहिल्या हंगामात साठवण आणि थंडी मिळाल्यावर फूल. आपल्या शहरातली डिसेंबर-जानेवारीची थंडी त्याला पुरते. मग पोकळ दांड्याच्या टोकावर शेकडो बारीक पांढऱ्या फुलांचा चेंडू तयार होतो. एकाच फुलात पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर नंतर, म्हणून बी धरायला मधमाशी यावीच लागते. गच्चीवर मधमाश्या किती येतात हे पाहण्याची ती एक परीक्षाच. मार्च-एप्रिलमध्ये काळे बी मिळते. घरात कुत्रा असेल तर मात्र कांद्याची कुंडी त्याच्यापासून दूर ठेवावी; कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

कुंडी, माती आणि पाण्याचा हिशेब

शहरात नळाला पाणी कितीतरी दिवसांआड येते हे वाचकांना सांगायला नको. इथेच देशी कंद उपयोगी पडतात. आपल्याकडे वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. उरलेला काळ काढायचा म्हणून या झाडांनी जमिनीखाली साठा करण्याची युक्ती शोधली. कुंडीत आपण तेच चक्र चालू ठेवायचे.

दहा-बारा इंची, तळाला मोठी छिद्रे असलेली कुंडी घ्यावी. निव्वळ काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. दोन भाग बारीक मुरूम, एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत हे मिश्रण जमते. सुदर्शनाच्या कंदाची मान मातीच्या वर राहू द्यावी. लहान कंद त्यांच्या उंचीच्या दुप्पट खोल लावावेत. पावसाळ्यात वेगळे पाणी घालायची गरज सहसा पडत नाही. दीपकाडीसारख्या कंदांची पाने पिवळी पडू लागली की पाणी थांबवावे. हिरवी पाने कापू नयेत, कारण पुढच्या वर्षीचे फूल त्याच पानांनी साठवलेल्या अन्नावर येते. उन्हाळ्यात कुंडी आडोशाला कोरडी ठेवून द्यावी. सुदर्शन वर्षभर हिरवा राहतो, त्याला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी पुरते.

कुंडीखाली ताटली ठेवू नये, हे डॉक्टर म्हणून आग्रहाने सांगतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. ताटली ठेवायचीच तर आठवड्यातून एक दिवस ती रिकामी करून, घासून कोरडी करावी. पाणी साठवलेले ड्रमही त्याच दिवशी.

कंद हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत. मातीकाम करताना जखम झाली तर धनुर्वाताची लस मागच्या दहा वर्षांत घेतली होती का, ते आठवावे. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल तर पाच वर्षे उलटली असली तरी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी अनवाणी गच्चीवर जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : कुठलाही फुलांचा कंद स्वयंपाकघरात ठेवू नये. वेगळ्या डब्यात, नाव लिहून, 'खाण्याचा नाही' अशी चिठ्ठी लावून तो ठेवावा. घरात नवीन आलेल्या सुनेला, पाहुण्यांना, कामाला येणाऱ्या मावशींना तुमच्या मनातली यादी माहीत नसते.

डोंगरावरून उपटू नका

म्हैसमाळचे पठार शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर. तिथल्या पातळ मातीत हे कंद वर्षानुवर्षे तग धरून आहेत. बियांपासून फुलापर्यंत यायला त्यांना काही वर्षे लागतात, आणि एक पिशवी भरायला पाच मिनिटे. गौताळा औट्रमघाट हे तर 1986 पासून अभयारण्य आहे. तिथून वनस्पती उपटणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. मराठवाड्यातल्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद विद्यापीठातले प्रा. व्ही. एन. नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' या 1998 सालच्या ग्रंथात केली आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी सह्याद्रीतल्या दुर्मिळ कंदवनस्पती वाढवण्याचे, जपण्याचे काम केले. आपण निदान नर्सरीतून किंवा ओळखीच्यांच्या कुंडीतले पिल्लू मागून घ्यावे. सुदर्शनाच्या बाजूला दरवर्षी पिल्ले फुटतातच. ती वाटण्यासाठीच असतात.

रानभाज्यांच्या दिवसांत आणखी एक सावधगिरी हवी. पावसाळ्याच्या सुरुवातीला कुलूची, म्हणजे फोडशीची, कोवळी पाने भाजीसाठी खुडतात. फूल येण्याआधी अनेक कंदांची लांबट पाने एकसारखीच दिसतात. ही भाजी पिढ्यान्‌पिढ्या खुडणाऱ्या बायकांची नजर आणि मोबाइलवरच्या फोटोवरून केलेली ओळख यांत फार अंतर आहे. स्वतः ओळखत नसाल तर स्वतः खुडून खाऊ नका.

चुकून खाल्लेच तर

मुलाने कंद चावला, भाजीत भलताच कंद गेला, अशी शंका जरी आली तरी थांबू नये. तोंडातला उरलेला तुकडा काढावा, चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दूध, तूप, लिंबू यांनी विष उतरत नाही. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. सोबत उरलेला कंद, पान, फूल जे असेल ते पिशवीत न्यावे, निदान फोटो. किती वाजता, किती खाल्ले आणि रुग्ण आधीपासून कोणती औषधे घेतो हे सांगावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बाबतीत हे फार मोलाचे ठरते. आम्ही ईसीजी काढतो, पोटॅशियम पाहतो, वेळेत आला असेल तर विष शोषून घेणारा कोळसा देतो आणि लक्षणे नसली तरी ठेवून घेतो. 'आता बरा दिसतोय' म्हणून लवकर घरी नेण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. कळलावीच्या विषबाधेत खरा धोका दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

आपण काय खाल्ले हे सांगायला पुष्कळांना संकोच वाटतो, विशेषतः गर्भपातासाठी किंवा जिवाचे बरेवाईट करण्यासाठी काही घेतले असेल तर. डॉक्टरांना खरे सांगावे. आमचे काम न्यायनिवाडा करण्याचे नाही. गर्भपात हवा असेल तर कायद्याने तो मान्यताप्राप्त रुग्णालयात सुरक्षितपणे करून मिळू शकतो, त्यासाठी कंद चावण्याची वेळ कुणावर येऊ नये. मन खचले असेल तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

या पावसाळ्यात गच्चीवर एक कुंडी सुदर्शनासाठी आणि दिवाळीनंतर एक कांद्यासाठी जरूर ठेवा. पण त्याआधी आजच स्वयंपाकघरातली कांद्याची टोपली एकदा उपडी करून बघा. कांद्याखेरीज दुसरा कोणताही कंद त्यात सापडला, तर त्याची जागा तिथे नाही.